खांबावरचं नाव
ऑइलपेंटचा वास आला की आमच्या गावचा खांब आठवतो. इंग्रजांच्या फौजेत जाऊन लढाईत कामी आलेल्या गावकऱ्यांची नावं त्या काळ्या दगडावर कोरलेली होती. मी सरपंच झालो त्या वर्षी झेंडावंदनासाठी हौसेनं त्यावर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले आणि झिजलेली अक्षरं बुजली. मळ्यातल्या झेंडूचा हार घेऊन दरवर्षी येणारी म्हातारी निरक्षर होती, बापाचं नाव बोटानं चाचपून ओळखायची. त्या दिवशी तिचं बोट नुसतं घसरत राहिलं. “काहून रे, माह्या बापाचं नाव मले सापडून नाही राह्यलं?” सगळे बघत होते. मी तिचं बोट धरून एका जागी टेकवलं. “इथंच तर आहे, माय.” ती हसली, हार घालून गेली. ती वारल्यावर मी रंग खरवडला. त्या जागी दगड कोरा होता.