प्रतापनगरहून येणारे क्लिक

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरायचा प्रयत्न केला. हे एक मात्र अजून लख्ख आठवतं, आणि आठवलं की हसू येतं.

तेव्हा मी बडोद्यात, अलकापुरी भागातल्या ठाण्यात पोलीस इन्स्पेक्टर होतो. शहरात इंटरनेट कॅफे गल्लोगल्ली निघाले होते, आमच्या ठाण्यात मात्र अजून टाइपरायटर खडखडत होता. एके सकाळी हजेरी आटोपतेय तोच एक गुजराती व्यापारी तणतणत आत आला. त्याचं संखेड्याच्या रंगीत लाकडी हिंचक्यांचं, म्हणजे झोपाळ्यांचं, दुकान होतं आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी त्यानं वेबसाइट काढली होती.

"साहेब, मारी साथे छेतरपिंडी थई छे," म्हणाला. माझी फसवणूक झाली आहे.

प्रकरण समजून घ्यायला मला दोन कप चहा लागले. त्यानं एका मराठी मुलीला लेख लिहायला ठेवलं होतं. हिंचका कसा टांगावा, लाकडाची निगा कशी राखावी, असे लेख ती इंग्रजीत लिहायची आणि कुणाचेही लेख फुकट छापणाऱ्या वेबसाइटींवर टाकायची. लेखाच्या शेवटी एक निळी ओळ असे. वाचणाऱ्यानं तिच्यावर क्लिक केलं की तो थेट ह्याच्या दुकानाच्या वेबसाइटवर पोचे. प्रत्येक लेखाच्या ओळीला वेगळी खूण दिलेली होती. त्यामुळे कोणत्या लेखानं किती माणसं आणली, हे ह्याला गादीवर बसून कळायचं.

"एकाच लेखावर रोज दुपारी क्लिकची रीघ लागते, आणि सगळे बडोद्यातूनच! अमेरिकेसाठी लिहिलेला लेख इथे कोण वाचणार? लेख चालले तर नोकरी कायम करीन म्हणालो होतो, म्हणून तिनंच मैत्रिणींकडून हे करवलं. गुन्हा नोंदवा."

मी नुसता अर्ज घेतला. एफआयआर एकदा झाला की निर्दोष सुटलेल्यालाही तो जन्मभर चिकटतो.

दुपारी मुलीला बोलावलं. वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून आली. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, कामाच्या कपड्यांतच आलेले. खोटं बोलणारा माणूस बहुधा उत्तरं तयार ठेवून येतो. ही पोर खुर्चीच्या कडेला बसून, आपल्याला कशाला बोलावलंय हेच वडिलांना विचारत होती.

"हे क्लिक तू करवलेस?"

"नाही सर. मला वाटलं, लेख लोकांना आवडतोय. मी तर कॉलनीत पेढे वाटले हो."

वडील म्हणाले, "साहेब, आमच्याकडे कॉम्प्युटरच नाही. ती दुकानातच लिहिते, मालकांच्या समोर. पहिली नोकरी आहे तिची."

मी इंटरनेट कंपनीला पत्र पाठवून क्लिक कुठून येतात ते विचारलं. उत्तर आलं: प्रतापनगरमधला एक कॅफे. मुलगीही तिथलीच. व्यापाऱ्यानं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला, तुम्हीही या."

साध्या वेशात, क्लिक यायच्या वेळेलाच पोचलो. दारात चपलांचा ढीग. कॅफेवाला कुजबुजला, "साहेब, बपोरे बहेनोनो क्लास चाले छे." दुपारी बायकांचा वर्ग होता तर!

आत प्रत्येक कॉम्प्युटरपुढे दोन-दोन, तीन-तीन आज्या, चष्मे नाकावर ओढून बसलेल्या. मधे एक निवृत्त शिक्षिका उभी राहून शिकवत होती. "बाण निळ्या ओळीवर न्या. बाणाचा हात झाला का? आता दाबा."

"आला गं, आला! हिंचका आला!" कोपऱ्यातली आजी ओरडली आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"शाबास! मागे जा, पुन्हा दाबा. बोट वळलं पाहिजे."

व्यापाऱ्यानं वाकून पडद्याकडे पाहिलं. स्वतःचंच दुकान पाहून त्याचा चेहरा असा झाला, की मला खोकल्याचं निमित्त करावं लागलं.

मी माझी ओळख दिली आणि बाईंना विचारलं, "हाच लेख का हो?"

"दुसरीकडे मधेच काय काय नकोसं उघडतं, साहेब! इथे नुसता मजकूर आणि एक निळी ओळ. यांना नातवंडांना ईमेल करायचाय, त्याआधी हात बसायला नको? पण लिहिलाय कुणी? फार सोपं आणि गोड लिहिलंय."

"इथेच राहते ती, रेल्वे क्वार्टर्समध्ये," मी म्हटलं.

हे सगळं ऐकणारी एक आजी व्यापाऱ्याकडे वळली. "म्हणजे दुकान तुमचं? अहो, माझी सून न्यू जर्सीत अस्साच हिंचका शोधतेय. पाठवाल का तिकडे?"

व्यापारी आधी गोरामोरा झाला आणि मग पोट धरून हसला. त्याच संध्याकाळी त्यानं अर्ज मागे घेतला, वडिलांसमोर मुलीची माफी मागितली आणि नोकरी कायम केली. मुलगी डोळे पुसत मालकांना म्हणाली, "सर, प्रतापनगरचे क्लिक आता वेगळे मोजते." पुढच्या शनिवारी ती वर्गाला भेटायला गेली, तर आज्यांनी तिला मधोमध बसवून घेतलं आणि प्रत्येकीनं तिच्यादेखत एकदा क्लिक करून दाखवलं.

क्लिकचा हिशेब चोख होता. बोटं दाबली जात होती, हे आकड्यांनी बरोबर सांगितलं. ती कुणाची आणि कशासाठी, हे आकड्यांना सांगता येत नव्हतं, आणि ती रिकामी जागा आम्ही संशयानं भरली. त्यानंतर कुणीही नुसते आकडे घेऊन ठाण्यात आलं, की मी त्याला चहा पाजायचो आणि टोपी उचलून म्हणायचो, "चला, आधी माणसं बघून येऊ."