बहिणीचा कागद मी भरला

धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, अकोल्याच्या जुन्या शहरात. मुलगी झाली. तेराव्या दिवशी दवाखान्यातली सिस्टर बाळाचं वजन करायला घरी आली. वजन चांगलं भरलं. तरी ती बहिणीकडेच पाहत राहिली. बहीण बाळाला पाजत होती, नजर भिंतीवर.

"याच्या आधीचं एक गेलं ना, ताई?" सिस्टरनं विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "गेलं तं गेलं. आता पोरगी आली ना."

"काकू, जरा बाहेर बसता का? मले ताईसंगं बोलाचं हाय."

"माह्यापासून काय लपवाचं हाय तिले? मले चार झाले, कोनी बाहेर नाही काढलं."

सिस्टर हसली. आई हलली नाही. मग सिस्टरनं पिशवीतून छापील कागद काढला आणि बहिणीच्या उशाशी ठेवला. गेल्या आठवड्यात मन कसं होतं, याचे दहा प्रश्न होते.

"तिचं तिलेच भरू द्या. येतो मी दुपारून."

घरातले सगळे अर्ज मीच लिहिते. शाळेत शिकवते ना. बहीण म्हणाली, "ताई, तूच भर. मले सुचून नाही राहिलं."

मी चष्मा लावून वाचू लागले. हसू येतं का? उगाच स्वतःला दोष देता का? प्रत्येक प्रश्नाला ती थांबायची. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. त्या थांबण्यानं मलाच अवघडल्यासारखं व्हायचं, आणि बरं दिसेल त्या उत्तरावर मी खूण करायचे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हा शेवटचा प्रश्न मी वाचलाच नाही. 'कधीच नाही' वर खूण केली.

दुपारी सिस्टरनं कागद उलटसुलट पाहिला. "हे तिनंच सांगतलं ना?"

"हो," मी म्हणाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी बहिणीनं जीव दिला.

पुढे भाचीला लस टोचायला तीच सिस्टर होती. मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "थांबायची तं किती वेळ थांबायची ती?"

मला सांगता येईना. मी तेवढा वेळ तिला दिलाच नव्हता.

माझी बदली झाली, भाची आता बडनेऱ्याला माझ्याजवळ असते. काही विचारलं की तीही तिच्या आईसारखी थांबते. मी हातातलं काम खाली ठेवते आणि बसून राहते.