डावी फळी, उजवी फळी

विलास गेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आयटीआयच्या आमच्या जुन्या बॅचचा एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी कुणीतरी त्याचा फोटो टाकला होता आणि खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती. पंचेचाळीस वर्षांची मैत्री, केडगावातलं माझं घर ते सावेडीतला त्याचा बंगला हे अंतर स्कूटरवर जेमतेम वीस मिनिटांचं, आणि मला एक फोन करावा असं त्या घरात कुणाला वाटलं नाही. फोटोत तो आपल्या निळ्या अमेरिकन गाडीला टेकून उभा होता. खरं सांगतो, पहिल्यांदा रडू आलंच नाही. मनात आलं, शेवटचा फोटोसुद्धा हिच्याबरोबरचाच... आता दीड महिना झाला. रडून झालं आहे, राग मात्र गेलेला नाही, आणि गेलेल्या माणसावरचा राग नेऊन कुठे ठेवायचा हे मला कळत नाही.

विलास मूळचा जामखेड तालुक्यातला. आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जायचे आणि लहानपणी तोही त्यांच्याबरोबर ट्रॉलीत बसून जायचा. मामानं शाळेसाठी ठेवून घेतलं म्हणून शिकला. आयटीआयत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी तिथेच फिटर ट्रेड शिकवायला लागलो, म्हणून त्यानं मला शेवटपर्यंत ‘मास्तर’ म्हटलं. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचं शेड टाकलं आणि त्यात तो चांगलाच वर आला. हातात पैसा आला की आमच्याकडची माणसं पांढरी, उंच गाडी घेतात, म्हणजे आतला माणूस पुढारी वाटतो. विलासनं मुंबईच्या एका शेठची वापरलेली इटालियन स्पोर्ट्स कार आणली. तांबडीभडक, दोघांपुरती, आणि इतकी बुटकी की तिच्या टपावर हात ठेवायला मला वाकावं लागायचं. आत बसताना आधी बूड टेकवायचं आणि मग एकेक पाय आत ओढून घ्यायचा. आम्ही तिचं नावच ‘तांबडी’ ठेवलं. एवढा पैसा घालून शेवटी जमिनीवरच बसायचं होय, असं मी त्याला चिडवलं, तेव्हा तो म्हणाला, “आमच्या आईबापानं जल्मभर वाकून ऊस तोडला, मास्तर. मी मानसापुढं वाकनार न्हाई. गाडीपुढं वाकलो तर चालतंय.” हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

पहिल्याच दिवशी तांबडी घराजवळच्या गतिरोधकावर पोट घासून अडकली. सावेडीतून बाहेर पडेपर्यंत असे नऊ गतिरोधक आहेत, आणि ते करणाऱ्यांनी अशी गाडी स्वप्नातही पाहिली नसणार. मग मी दोन सागवानी फळ्या केल्या. दोन्ही टोकांना रंध्यानं उतार दिला, चढायच्या टोकाला जास्त लांब, आणि चाक घसरू नये म्हणून बाहेरच्या कडेला जाड पट्टी ठोकली. पट्टी एकाच कडेला असल्यानं डावी फळी उजवीकडे चालत नाही, म्हणून दोन्हींवर तापल्या सळईनं ‘डा’ आणि ‘उ’ अशी अक्षरं उमटवली. गतिरोधक आला की मी उतरायचो, पुढच्या डिकीतून फळ्या काढायचो, वाकून मांडायचो आणि मागे वळून हात वर करायचो, म्हणजे ‘ये’. तांबडी गोगलगाईसारखी वर चढून पलीकडे उतरायची. मग फळ्या उचलायच्या, आत बसायचं, पुढचा गतिरोधक. टपरीवरची पोरं ओरडायची, मास्तर पायघड्या घालाय लागलं रे. मला त्याचं काही वाटत नसे, उलट मजाच वाटे. नववा गतिरोधक ओलांडला की जामखेड रोड मोकळा असायचा आणि रविवारच्या कोवळ्या उन्हात विलास तिला सोडायचा... पाठीमागचं ते इंजिन आधी गुणगुणायचं आणि मग असं किंचाळायचं की माझ्या अंगावर काटा यायचा. अकरा वर्षं आमचा हाच रविवार होता. तिचं सगळं काम मी करायचो. मॅन्युअल इटालियनमध्ये, आणि मला इंग्रजीच कसंबसं येणार, पण चित्रं बघून आणि हातानं चाचपून मी ती गाडी शिकलो. निवृत्तीनंतर मला कुणी मास्तर म्हणावं असं काही उरलं नव्हतं, तेव्हा त्या गाडीमुळे ते उरलं.

मग एका पावसाळ्यात विलास म्हणायला लागला, क्लच जड झालाय. मी तपासला, तेल बदललं, सगळा खोलून पुन्हा जोडला. माझ्या पायाला तो अगदी बरोबर लागत होता. विलास बसला की म्हणायचा, अजून जडच हाय. दोन रविवार मी त्या गाडीखाली पाठीवर पडून होतो. तो शेजारी स्टूल टाकून बसायचा, चहा मागवायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. शेवटी मी वैतागून म्हणालो, क्लच नाही रे, तूच म्हातारा झालायस. त्यानं उरलेला चहा संपवला. पुढचे रविवार त्याची काही ना काही कामं निघत गेली.

दसऱ्याला सकाळी मी नेहमीप्रमाणे झेंडूचा हार घेऊन गेलो. तांबडीच्या नाकाचं माप मला पाठ होतं, माळीणबाईही विचारत नसे. पोर्चमध्ये निळी अमेरिकन गाडी उभी होती. रुंद छातीची, आडदांड, चालू केली की गुरगुरणारी, आणि मधे चहाचे कप ठेवायला दोन खाचा. तांबडी कोल्हापूरच्या कुणाला तरी देऊन तीन आठवडे झाले होते. ट्रकवर चढवून नेली म्हणे. हार नव्या गाडीला पुरला नाही, दोन्हीकडून हातभर कमी पडला. चार पाहुणे उभे होते, त्यांच्यादेखत मी विचारलं, “आणि फळ्या?”

“हिला फळ्या लागत न्हाईत, मास्तर,” विलास म्हणाला.

एवढंच. म्हणजे मी लागत नाही, असंच मला ऐकू आलं. आणि माझ्या हातानं क्लच दुरुस्त झाला नाही म्हणून त्यानं गाडीच काढली, असं मी तिथल्या तिथे धरून चाललो. माझीही जीभ काही कमी नाही. गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लचच नाही, हे बघून मी पाहुण्यांना म्हणालो की हिला चालवायला माणूस कशाला, नुसतं बसायला कुणीही चालेल. पाहुणे हसले. विलासही हसला, बॉनेटवर हात टेकून. दरवेळी तो मला फाटकापर्यंत सोडायला यायचा, त्या दिवशी जागचा हलला नाही. नवी गाडी आली आणि माणूस माजला, असं म्हणत मी घरी आलो.

त्यानंतर मी त्या घरात पाऊल टाकलं नाही. त्यानंही बोलावलं नाही. वर्षभरानं कळलं की तो पुण्याला लेकीकडे राहायला गेला आहे. त्यानंतरच्या दसऱ्याला मीच न राहवून फोन केला. बरा आवाज होता. पुन्यातच हाय, म्हणाला, करमत न्हाई पर ठीक हाय. बोलता बोलता मागे भंगारवाल्याचा भोंगा ऐकू आला, सावेडीत त्यांच्या गल्लीत फिरतो अगदी तसा. सगळीकडचे भोंगे सारखेच, असं म्हणून मी सोडून दिलं. माझ्यासारख्या माणसाला, जो नुसत्या आवाजावरून इंजिनातला दोष ओळखतो, तेवढं ओळखता आलं नाही.

अमरधाम स्मशानभूमीत मी मागे उभा राहिलो आणि तसाच परतलो. घरी गेलो तो तेराव्यानंतर. पोर्चमध्ये निळी गाडी कव्हरखाली होती, कव्हरवर धूळ. पोर्चमधून दाराकडे जायला दोन बुटक्या पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर माझ्या फळ्या मांडलेल्या होत्या. सागवानाला ओरखडे पडले होते, उतार झिजला होता, पण ‘डा’ आणि ‘उ’ स्पष्ट वाचता येत होतं. भिंतीशी चाकाची खुर्ची घडी करून ठेवलेली होती.

मंदावहिनींनी, विलासच्या बायकोनं, मग सगळं सांगितलं. नसांचा आजार होता, डाव्या पायापासून सुरू झालेला. त्या पावसाळ्यातच पाय क्लच दाबेनासा झाला होता, आणि त्या बुटक्या गाडीतून उठायलाही कुणालातरी हात धरून ओढावं लागायचं. निळी गाडी त्यानं एका पायाच्या हिशोबानं घेतली, वर्षभर चालवली, मग तेही सुटलं. पुणं वगैरे काही नव्हतं, माणूस इथेच होता. म्हणजे दोन रविवार मी गाडीखाली पडून जो दोष शोधत होतो, तो शेजारी स्टुलावर चहा पीत बसला होता, आणि त्यानं मला तो शोधू दिला.

मी विचारलं, मला का नाही कळवलंत. वहिनींनी त्या फळ्यांची गोष्ट काढली. एकदा खुर्चीचं चाक फळीवरून बाहेर घसरलं, म्हणाल्या. पडले नाहीत, पण फार घाबरले. “तवा म्हनाले, ह्या उलट्या लागल्यात वाटतं, मास्तरलाच ठावं हाय कशा लावायच्या. मी म्हनलं, मग बोलवू का भावजींना? तर म्हनाले, नको. त्यानं मला तांबडी पळवताना बघितलंय. ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी तेवढंच.” ते गेल्यावरही तुम्हाला फोन करायला माझा हात धजला नाही, असं म्हणून त्या डोळे पुसू लागल्या.

त्यांना वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल. लोकही म्हणतात, केवढा जीव होता बघा तुमच्यावर. असेल. पण माझ्यापाशी काय राहू द्यायचं हे त्यानं एकट्यानं ठरवायचं? अकरा वर्षं मी भर रस्त्यात, टपरीवरच्या पोरांसमोर, त्याच्या गाडीपुढे वाकलो आणि मला कधी कमीपणा वाटला नाही. त्याला माझ्यापुढे एकदा, फक्त एकदा हात पुढे करता आला नाही. मी ओढून बाहेर काढला असता त्याला. हसलोही असतो, मग तोही हसला असता... माणसापुढे वाकणार नाही म्हणाला होता. मी त्याच्या लेखी त्या माणसांतलाच एक होतो, हे मला इतक्या उशिरा कळलं.

वहिनी म्हणाल्या, फळ्या तुमच्या आहेत, घेऊन जा. नको म्हणालो. निघताना पायऱ्यांशी आलो आणि पाहिलं, त्या अजूनही उलट्याच होत्या. पट्ट्या आतल्या बाजूला, बाहेरच्या कडा उघड्या. मी वाकलो. डावी उचलून डावीकडे ठेवली, उजवी उजवीकडे, दोन्हींमधलं अंतर खुर्चीच्या चाकांना बरोबर येईल असं सरकवलं आणि पाय देऊन हलत नाहीत ना हे बघितलं. मग उठलो, मागे वळलो आणि हात वर केला.