ताई ड्यूटीवर असताना

दुसऱ्यांना वेळेवर तपासणी करायला लावणाऱ्या माझ्या ताईने स्वतःची गाठ काहून लपवली? डॉक्टरांना विचारलं, आईला विचारलं, तिच्यासोबतच्या नर्सना विचारलं. अजून विचारतो. घरी बसायला येणारे मात्र तिचा एकेक किस्सा ठेवून जातात. ढीग झाला आहे आता. आणि उठताना म्हणतात, "बिचारी." अख्खा वॉर्ड हसवणारी बाई बिचारी कशी? ते मी होऊ देणार नाही. शाळा माझी लहानपणीच सुटली, तरी लिहून राहिलो.

*

मदन महल भागातले एक रिटायर्ड रेल्वे गार्ड होते. सुई दिसली की हात पांघरुणात. म्हणायचे, "डरता नहीं हूँ, फक्त आवडत नाही."

ताईने त्यांना हिरवा नॅपकिन दिला. "गार्डसाहेब, तुम्ही झेंडी दाखवल्याशिवाय सुई हलणार नाही."

ताई सिरिंज धरून उभी, बाजूचे पेशंट उठून बसलेले. गार्डसाहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि नॅपकिन हलवला. सुई निघाल्यावर म्हणाले, "गाड़ी थोड़ी लेट थी."

*

घमापूरचे किराणावाले शेठ ऑपरेशननंतर पलंगावरून उतरेनात. टाके तुटतील म्हणायचे.

ताई म्हणाली, "शेठजी, तिकडचा आमचा वजनकाटा गडबड करून राहिला. तुमच्याशिवाय कोणाला कळणार?"

शेठ पोट धरून वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत चालत गेले. काट्यावर उभे राहून म्हणाले, "पाव किलो मारता है!" मग रोज सकाळी काटा तपासायला जाऊ लागले. दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा बजावून गेले, "दीदी, मेरे बाद ध्यान रखना."

*

एकदा ती चुकलीही. एका आजींना म्हणाली, "आजोबा दिसत नाहीत, कुठे फिरायला गेले?" आजोबा आदल्याच आठवड्यात वारले होते.

ताई तिथंच स्टुलावर बसली. आजींची चादर नीट करत राहिली. शेवटी आजीच म्हणाल्या, "न सांगता गेले बाई. जन्मभराची सवय."

दोघी हसल्या. मग ताईच आधी रडली. तेव्हापासून नव्या मुलींना सांगायची, "आधी पेशंटचं ऐका, मग मजाक करा."

*

पुढे ताई स्वतःच त्या वॉर्डात भरती झाली. सलाइन लावायला आलेली पोरगी तिनेच शिकवलेली. पोरीचे डोळे वाहून राहिले होते, शीर सापडेना.

ताई म्हणाली, "सरक, तू झोप इथं. मी लावते."

*

घाटावर न्यायच्या आधी ताईला अंगणात ठेवलं होतं. मनगटावर दवाखान्याचा पट्टा तसाच होता, नाव आणि पेशंट नंबर लिहिलेला. मी कैची मागितली.

मामा म्हणाले, "राहू दे रे, आता काय त्याचं."

मी पट्टा कापून टाकला. आत जाऊन तिच्या पर्समधून ड्यूटीचा बिल्ला आणला. वर नाव, खाली "स्टाफ नर्स". तो साडीला लावायला वाकलो. पिन उघडली तशी मामी बोलून गेली, "हळू रे बाळा, टोचेल तिला."

आई सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. ती फिसकन हसली.

मी पिन हळूच लावली.