नऊ पिनांची जागा

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर ह्यांच्या हातातून पेन निसटायला लागलं. हे सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. बंधारे, जेट्या, साकव यांचे नकाशे काढायचे. शाईची एक रेघ कधी जाड-बारीक व्हायची नाही, असा हात. तो हात आधी गेला, मग पाय गेले, मग जीभ जड झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बुद्धीला मात्र काही होत नाही." त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं असावं. दोन-अडीच वर्षांत बोलणं पूर्ण थांबलं. डोळे सोडले तर मनासारखं हलवता येईल असं एकच उरलं, डाव्या हाताचं मधलं बोट.

मी हायस्कुलात गणित शिकवायचे. आम्हाला मूल नव्हतं. मी शाळेत गेले की खालच्या आळीतल्या मावशी ह्यांच्यापाशी थांबायच्या. माया फार, पण अक्षरओळख नव्हती.

मिरकरवाड्यात, बंदराजवळ, एकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रॉलरवरचे वायरलेस सेटही ते दुरुस्त करायचे. जेटीच्या कामावर असताना ह्यांची त्यांच्याशी ओळख झाली होती. सगळे त्यांना रेडिओवाले भाऊ म्हणत. ते एकदा भेटायला आले, चहा न घेता बराच वेळ ह्यांच्या बोटाकडे बघत बसले आणि म्हणाले, "वहिनी, एवढं बोट पुरेल ओ आपल्याला. बघूया."

आठवड्याभराने ते पॉलिटेक्निकच्या एका सरांना घेऊन आले. भाऊंनी एका जुन्या सेटमधलं नाजूक बटण काढून लाकडी पट्टीवर बसवलं होतं. बोट नुसतं टेकलं तरी टिक्‌ वाजायचं. सरांनी प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मराठी अक्षरांच्या ओळी, आणि त्यांच्यावरून एक पिवळी पट्टी खाली सरकत जायची. हव्या त्या ओळीवर आली की टिक्‌. मग पट्टी त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून जायची. परत टिक्‌, की अक्षर उमटलं. ती अक्षरंसुद्धा सरांनी ठिपका-ठिपका जोडून स्वतः बनवली होती. बटण दोनदा पटकन दाबलं की लॅपटॉप घंटी द्यायचा. एक घंटी म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदला. मावशींना तेवढं पुरे होतं.

लॅपटॉप आम्ही त्यासाठीच घेतला होता. जाडजूड, पाटीएवढा नाही, पाटासारखा. मागच्या बाजूला खाचाच खाचा. प्रिंटरची लांब, पडद्याची पंधरा भोकांची, आणि बटणाची वायर जायची ती नऊ पिनांची. भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायचे, "सगळी दारं हायत याला."

त्या यंत्रावर हे चार वर्षं बोलले. माझ्याशी तर बोललेच, पण मी नसताना एकटे लिहायचे, त्याचं अप्रूप मला जास्त. शाळेतून आले की पडद्यावर दुपारचं लिखाण वाट बघत असायचं. "खालच्या घरी कुकरच्या सात शिट्ट्या. डाळ करपली." "फोन आठ वेळा वाजला. मी घरात नव्हतो असं समज." "खाडीवरून वारा. सुरूंचा आवाज पावसासारखा येतो, मावशी कपडे काढायला दोनदा धावल्या." तीन-चार ओळींना अख्खी दुपार लागायची. मी साडी न बदलता उभ्या-उभ्या वाचायचे आणि हसायचे. ह्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले असायचे.

चार वर्षांनी लॅपटॉप म्हातारा झाला. बॅटरी दहा मिनिटांतच मान टाकायची. त्याच सुमारास भारनियमन वाढलं. दुपारी तीन-तीन, चार-चार तास वीज नसायची. वीज गेली की ह्यांचं बोलणंही जायचं. शिवाय यंत्र तापायचं. एकदा पलंगावरचं टेबल घसरून त्याची तापलेली कड ह्यांच्या मांडीला लागून राहिली. मावशी परसात होत्या आणि वीज नव्हती, म्हणून घंटीही नव्हती. संध्याकाळी मी कपडे बदलताना तो लाल चट्टा पाहिला आणि ठरवलं, हे आता बदलायचं. हलकं, न तापणारं, बॅटरी टिकणारं यंत्र आणायचं.

नुसता इन्व्हर्टर बसवला असता तरी भागलं असतं. पण हे मला सगळं झाल्यावर, दुसऱ्या कोणी तरी सांगितलं.

मेच्या सुट्टीत मी एसटीने कोल्हापूरला गेले. जुना लॅपटॉप पिशवीत घालून नेला होता, कारण तो देऊन नवा मिळणार होता. जाण्याआधी मी भाऊंना विचारलं नाही. खरं सांगायचं तर मनात आलं होतं. पण रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला नव्या लॅपटॉपमधलं काय विचारायचं, असंही वाटलं होतं. मी गणिताची शिक्षिका, मला एवढं कळणार नाही का?

दुकानात मी विचारलं मात्र. जुन्या यंत्राची नऊ पिनांची जागा दाखवून म्हटलं, "हे बटण याला लागेल ना?"

विक्रेता म्हणाला, "मॅडम, आता सगळं यूएसबी. त्याला काहीही लावता येतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं. नवा लॅपटॉप एका हातात मावत होता, वहीसारखा. बॅटरी पाच तासांची. मी म्हटलं, जुन्यातलं सगळं यात घालून द्या. त्याने 'डॉक्युमेंट्स' आहेत तेवढी घालून दिली आणि जुना लॅपटॉप काउंटरखाली ठेवला. परतीच्या एसटीत मी नवा मांडीवर धरून बसले होते. फार दिवसांनी काही तरी नीट केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बटण जोडायला आले. त्यांनी लॅपटॉप उचलला, चारी बाजूंनी फिरवला, पाठीवरून बोट फिरवलं. पाठ अगदी गुळगुळीत होती. बाजूला यूएसबीच्या दोन चपट्या खाचा, एक हेडफोनचं भोक, एक टेलिफोनच्या वायरीचं.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "याला तोंडच नाय ओ."

हे पलंगावरून बघत होते. भाऊंनी त्याच संध्याकाळी बटणाला सेलवरची दारावरची घंटी जोडून दिली, म्हणजे हाक मारण्याची सोय झाली. पण शब्द गेले.

मग अ‍ॅडॅप्टर सुरू झाले. कोल्हापूरहून कुरियरने पहिला आला तो प्रिंटरचा निघाला. परत पाठवला. दुसऱ्याला नऊच होती, पण पिनांऐवजी भोकं. बटणाच्या वायरीलाही भोकंच, भोकाला भोक कसं लागणार? तिसरा बरोबर आला. बटण त्यात खटकन बसलं आणि मला रडूच आलं. पण लॅपटॉप त्याला ओळखेना. त्याची ओळख करून देणारा ड्रायव्हर प्रोग्राम एका छोट्या सीडीवर होता, आणि हलकं करण्याच्या नादात कंपनीने या लॅपटॉपमधून सीडीची जागाच काढून टाकली होती. फ्लॉपीची तर नव्हतीच, आणि सरांचा प्रोग्राम फ्लॉपीवर. दोन्ही घेऊन मी सायबर कॅफेत गेले, पेन ड्राइव्हवर उतरवून आणलं. लॅपटॉपने अ‍ॅडॅप्टरला पाच नंबर दिला. सरांचा प्रोग्राम एक नंबर शोधत होता. पाचाचा एक केला. पिवळी पट्टी पडद्यावर आली, सरकायला लागली. मी ह्यांचं बोट बटणावर ठेवलं. टिक्‌. पट्टी पुढे गेली. टिक्‌, टिक्‌. पट्टी थांबली नाही.

सरांची बदली तोवर नागपूरला झाली होती. नंबर मिळवून फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मी प्रोग्राम थेट त्या जुन्या जागेच्या पत्त्यावर जायला लिहिलाय. अ‍ॅडॅप्टरने नंबरची पाटी लावली, पण त्या पत्त्यावर आता काही नाही. नव्याने लिहावा लागेल. सध्या परीक्षा आहेत, थोडा वेळ द्या." मग त्यांनी विचारलं, "त्यांचं लिखाण घेतलंत ना? ते डॉक्युमेंट्समध्ये नसतं, प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतं."

मी फोन ठेवून लगेच कोल्हापूरला लावला.

"मॅडम, तो फॉरमॅट करून गेला," विक्रेता म्हणाला. "पार्टसाठी दिला. आता कुठून आणू?"

तोपर्यंत आम्ही पुठ्ठ्यावर काम चालवत होतो. मी अक्षरं लिहून घेतली होती. मी ओळींवरून बोट फिरवायचे, हव्या त्या ठिकाणी हे डोळे मिटायचे. चालायचं. पण पुठ्ठ्यावर बोलायला समोर मी लागायचे. मावशींना वाचता येत नव्हतं. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच हे गप्प. आणि मी आल्यावरही मी पुठ्ठा हातात घेईन तेव्हाच बोलायचं, मी ठेवला की संपलं. मनात आलं म्हणून आपण होऊन बोलणं उरलं नाही.

लिखाण गेल्याचं मी ह्यांना दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. "माझ्या हातून झालं," म्हटलं. "मी बघायला हवं होतं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नजर पुठ्ठ्याकडे नेली. मी पुठ्ठा धरला. एकेक अक्षर जमत गेलं. "तू वाचलंस ना."

"हो," मी म्हटलं, "सगळं."

ते खरं नव्हतं. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा असायचा, पाठ दुखत असायची. अशा कितीतरी संध्याकाळी मी लांबूनच पडद्याकडे बघून "वाचलं हो" म्हणाले होते. उद्या वाचू, जातंय कुठे, असं वाटायचं. ह्यांना ते तेव्हाही कळत असेल का, कोण जाणे. त्या दिवशी ह्यांनी डोळे मिटले आणि पुठ्ठ्याकडे परत पाहिलं नाही.

जुलैत मावशी एकदा म्हणाल्या, "बाई, साहेब आजकाल घंटी नाय वाजवत. आज एकदाच वाजवलीन."

मला वाटलं, कंटाळले असतील. माझ्यावर रागावले असतील. मी काही विचारलं नाही. रागावायचा त्यांना हक्कच होता.

सरांचं पाकीट ऑगस्टमध्ये आलं. आत सीडी आणि दोन पानी पत्र. आता बटण कुठल्याही साध्या माऊसच्या जागी चालेल, असा प्रोग्राम त्यांनी बदलला होता. मी पुन्हा सायबर कॅफेत जाऊन आले. भाऊंनी एक माऊस उघडून त्याच्या बटणाच्या दोन वायरी आमच्या पट्टीला डाग देऊन जोडल्या. माऊसची वायर लॅपटॉपच्या चपट्या खाचेत गेली. मी दाबून पाहिलं. पट्टी थांबली. अक्षर उमटलं. भाऊंनी दोन्ही हात कपाळाला लावले.

रविवारची सकाळ होती. मी ह्यांना उशांना टेकवून बसवलं, बोट बटणावर ठेवलं. पट्टी वरून खाली गेली, परत वर आली. बोट हललं नाही. मी म्हटलं, "अहो, सावकाश. घाई नाही." भाऊंनी पट्टीचा वेग कमी केला, अजून कमी केला. बटणाखालची स्प्रिंग काढून त्याहून मऊ घातली. बोटाच्या मुळाशी कातडी थरथरायची, पण टोकापर्यंत काही पोचत नव्हतं. साधारण तासाने एकदा टिक्‌ झालं. मग बऱ्याच वेळाने पुन्हा, असं चारदा. दुपारचे बारा वाजले तेव्हा पडद्यावर दोन अक्षरं होती. "दम".

"दमलात?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे मिटले. भाऊ उठून बाहेर ओटीवर गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यानंतर ते बोट कधीच पुरेसं हललं नाही.

डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. आणखी महिना-दोन महिने, इतकंच. त्यांचं बरोबर असणार. पण मेच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत ते बोट चालत होतं, आणि घरात एकही यंत्र असं नव्हतं की ज्याला त्या बोटाचं ऐकू येईल.

पुढचे पाच महिने पुठ्ठ्यावर गेले. हळूहळू हे शब्द जुळवायचेच बंद झाले. मी विचारायचं, "तहान लागली?", "पाय दुखतो?" आणि हे डोळे मिटायचे किंवा मिटायचे नाहीत. दोघांच्या वाटचं मीच बोलायचे. शाळेतल्या गोष्टी सांगायचे, पेपर वाचून दाखवायचे, मुलांनी गणितात काय दिवे लावले ते सांगायचे. मध्येच थांबले की घर इतकं शांत व्हायचं की मी घाईघाईने दुसरं काही सुरू करायचे. कधी वाटायचं, ह्यांना मी गप्प बसायला हवी असेन. तेही सांगायची सोय नव्हती.

जानेवारीत, आठवीच्या वर्गावर तास चालू असताना, शिपाई चिठ्ठी घेऊन आला. घरी पोचले तेव्हा मावशी ह्यांचा हात धरून बसल्या होत्या. "आत्ताच," त्या म्हणाल्या. "शांत गेले. काय बोल्ले नाय." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी पदर तोंडाला लावला.

आज मला पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली. आजार कोणाच्या हातात नव्हता, हे मला मान्य आहे. पण त्या अडीच महिन्यांच्या दुपारी मला सोडत नाहीत. मावशी परसात, खाडीकडून वारा, उशाशी तो हलका, सुंदर, बंद लॅपटॉप, आणि पलंगावर एक माणूस ज्याचं बोट अजून चालतंय. त्यांना तेव्हा काय सांगायचं होतं, मला माहीत नाही. कदाचित खास काही नसेलही. कुकर, कावळे, टपालवाला, असंच काही असेल. तेवढं तरी मला वाचायला मिळायला हवं होतं. मी नीट वाचलं असतं.