काजूनगरी

कोल्हापुरात आमच्या घरी काजू दिसायचा तो सणाच्या शिऱ्यात, तोही अर्धा. आईचं माहेर मात्र आजऱ्याकडचं. तिला चिडवायला वडील त्या गावाला काजूनगरी म्हणायचे, आणि मी ते खरंच धरून चालले होते. माझ्या काजूनगरीत भिंती काजूच्या होत्या, पहाऱ्याला खारी होत्या आणि माझी मामेबहीण, आमची ताई, तिथली राजकन्या होती. गल्लीतल्या पोरींना मी हे तिखटमीठ लावून सांगायचे.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात आई मला तिकडे घेऊन गेली. परड्यात काजूची बी वाळत घातली होती. मी आधाशासारखी एक उचलली आणि टरफलासकट चावली. तोंडात नुसती आग! ओठांवर टरारून फोड आले. टरफलात जहाल तेल असतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ताईनं ओठांना खोबरेल लावलं तेव्हा तिचे हात मी पहिल्यांदा नीट पाहिले. बोटं काळी पडलेली, जागोजागी सालं निघालेली. ती कारखान्यात काजू फोडायला जायची. आधी हाताला राख चोळायची, तरी तेल लागायचंच.

"दुखतंय व्हय गं?" मी विचारलं.

"आता न्हाय दुखत," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात कागलकडचे पाहुणे तिला बघायला येणार होते. मुलगा मास्तर होता. हे जमलं की कारखाना सुटणार, म्हणून ताईनं मनापासून देव पाण्यात ठेवले होते. मामीनं तिच्या हातांना लिंबू चोळलं, चिंच चोळली, शेवटी रॉकेलसुद्धा. काळं काही हटेना.

"हात पदराखाली ठेव. पोह्याच्या बशा ही पोरगी दील," मामीनं माझ्याकडे बोट दाखवून ठरवून टाकलं.

सगळं ठीक चाललं होतं. नाव विचारून झालं, शिक्षण झालं. मुलाच्या आईनं समोरच्या ताटलीतला काजू उचलून उजेडात धरला.

"एवढा अख्खा! आमच्याकडं नुसता तुकडाच येतोय की. कुणी फोडला म्हणायचा?"

ताईनं मान वर केली. तिच्या कामाचं कौतुक त्या घरात कुणी केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. ती हसली, "मीच," म्हणाली, आणि आणखी घ्या म्हणत ताटली तिनं स्वतःच्या हातानं पुढं केली.

बाईंचं लक्ष हातांकडे गेलं. त्यांनी अंग चोरून घेतलं.

"हे अंगावर आणि कुठं कुठं हाय?"

"रोग न्हाय ओ ह्यो, तेलानं होतंय," मामी काकुळतीला येऊन सांगत राहिली. बाई मान हलवत होत्या. कळवतो म्हणून पाहुणे उठले. जाताना मुलाच्या काकानं ताटलीतले उरलेले काजू खिशात घातले. मला त्याचा असा राग आला, की आज इतक्या वर्षांनीही तो खिसा डोळ्यांपुढून जात नाही.

ताई रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपाशी बसली, हाताला राख चोळली आणि कामाला गेली.

आम्ही घरी परतलो. वडिलांनी हसत विचारलं, "काय, काजूनगरी बघितलीस का?"

ओठांची खपली अजून निघाली नव्हती. मी आईकडे बघितलं. तिनं ताईनं दिलेली काजूची पुडी डब्यात ठेवली आणि झाकण घट्ट लावलं. त्या वर्षी आमच्या शिऱ्यात अख्खे काजू होते. मी ते वेचून ताटाबाहेर ठेवले.