गिरणीतल्या खुणा

आत्या कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाई. ऐन उमेदीची वर्षं कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात गेलेली. तिथे बोलायचं म्हणजे ओरडायचं, नाहीतर ओठ वाचायचे आणि हातांनी खुणा करायच्या. कान अधू झाले, आवाज मात्र चढाच राहिला.

"मुलींना नदीकाठी नेताय खरं, वन्सं," निघताना वहिनी म्हणाली, "पण झाडावरचे पक्षी तेवढे राहू द्या."

आत्याने ते ओठांवरून वाचलं आणि हसून सोडून दिलं.

वाट बंद कारखान्यांच्या पाठीमागून जात होती. रंगखात्याची भिंत अजून निळसर होती, धुराड्यातून झाड उगवलं होतं. दोघी भाच्या ऐकत होत्या. म्हणजे थोरली ऐकत होती, धाकटी पाण्यात खडे मारत होती. मग आत्याने गिरणीतल्या खुणा काढल्या, तेव्हा कुठे धाकटी जवळ आली.

"दोन्ही मुठी एकीवर एक आडव्या धरल्या, की धागा तुटला. माग थांबव, जागचं हलू नकोस."

"आणि मुकादम आला की?"

आत्याने स्वतःचा कान ओढला. "गुपचूप आपल्या जागी जायचं."

ही खूण धाकटीला फारच आवडली. वाटेत भेटेल त्या म्हाताऱ्याकडे बघून ती कान ओढू लागली.

बंधाऱ्यापाशी गिरणीच्या जुन्या पाणचक्कीच्या चाकाचा खड्डा होता. तो थोरलीला दाखवून आत्या वळली, तर धाकटी बंधाऱ्याच्या अरुंद भिंतीवर मधोमध उभी. दोन्ही अंगांना पाणी. आत्याने आपला तो प्रसिद्ध आवाज लावला. पाण्याच्या घोंगावण्याने तो गिळून टाकला. धाकटीचेही ओठ नुसतेच हलत होते.

"काय म्हणतेय ती?" थोरली रडकुंडीला आली.

आत्याला दिसत होतं: चप्पल अडकलीय, आई रागावेल. आणि पोरगी वाकायला लागली.

आत्याने मुठी आडव्या धरल्या. धाकटी थबकली. आत्याने दोन्ही तळवे खाली दाबले. ती भिंतीवर बसली, घोड्यावर बसावी तशी. आता तिला हलवायचं कसं? ती घाबरून आखडलेली. आत्याने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मोठा आव आणून कान ओढला.

धाकटीला हसू फुटलं. हसत हसतच ती बसल्या बसल्या सरकत काठाला आली. आत्याने तिला उचलून पोटाशी धरलं, आणि मग स्वतःच मटकन खाली बसली. आभाळाकडे बघून हात जोडले. चप्पल खुशाल वाहून गेली.

घरी झाला प्रकार ऐकून वहिनीने लेकीला कितीतरी वेळ कुशीतून सोडलं नाही. नणंदेला म्हणाली, "वन्सं, खुशाल ओरडा हो. माझं मेलीचं तोंडच वाईट."

संध्याकाळी आत्या आणि धाकटी मायलेकींसारख्या पायरीवर चिक्की चघळत बसल्या होत्या. जेवायच्या आधी गोड खायचं नाही, असा वहिनीचा दंडक. आतून पावलं वाजली. आत्याला ती ऐकू आली नाहीत.

धाकटीने कान ओढला. आत्याने चिक्की पदराखाली सारली.